चांदीचें बोंडलें आणि कांचेची बाटली

हा लेख एखाद्या डॉक्टरीणबाईंनीं, निदान चार लेकरें वाढविलेल्या गृहिणीनें लिहावयास हवा होता, हें मी जाणून आहें. तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरानें तान्ह्या मुलाच्या दुधाविषयीं बोलावें, यांत कित्येकांस अधिकाराचा अतिक्रम वाटेल. परंतु गेल्या वर्षीं नातीच्या आगमनानंतर आमच्या घरीं दोन महिने जी एक लहानशी लढाई चालली, तींत बाटल्या उकळण्याचें आणि वहींत टिपणें ठेवण्याचें काम माझ्याकडे होतें. ज्या गोष्टी त्या वेळीं ठाऊक असत्या तर सूनबाईचे पुष्कळसे अश्रू वांचले असते, त्या दुसऱ्या कोणाच्या घरीं तरी वेळेवर उपयोगीं पडाव्या, एवढ्याच हेतूनें हीं टिपणें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमची सूनबाई वकील आहे. आतां, नोकरी करणाऱ्या स्त्रीस बाळंतपणाची रजा मिळते, हें सर्वांस विदित आहेच. १९६१ च्या कायद्यानें ती १२ आठवड्यांची होती. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ती २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक माणसें कामावर असतील तेथें पाळणाघर असावें व आईस दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाऊं द्यावें, असेंहि ठरलें. परंतु हा सारा व्यवहार मालक आणि नोकर यांच्यामधला. वकिलास अशील असतात, मालक नसतो. तेव्हां जिला हा कायदा कलमवार पाठ, तिलाच त्याची रजा नाहीं, असा प्रकार! हातांतील दोन दावे पुराव्याच्या टप्प्यावर आलेले होते. दुसरा महिना संपतां संपतां आठवड्यांतून तीन दिवस, सकाळीं साडेदहापासून दुपारीं अडीचपर्यंत, न्यायालयांत उभें राहण्यावांचून तिला गत्यंतर नव्हतें. मुलगी तर केवळ अंगावर पिणारी. ते चार तास बाळानें काय प्यावें आणि कशानें प्यावें, हा आमच्यापुढील प्रश्न.

प्रश्न नवा मात्र नाहीं. संस्कृतांत ‘धे’ असा एक धातु आहे. त्याचा अर्थ चोखून पिणें. मूल जिला पितें ती धात्री आणि वासरूं जिला पितें ती धेनु. दोन्ही शब्द या एकाच धातूंतून निघाले. युवनाश्व राजाच्या कुशींतून मूल जन्मास आलें, तेव्हां याला पाजणार कोण, अशी पंचाईत पडली. इंद्रानें आपली तर्जनी त्याच्या तोंडांत दिली आणि ‘हा मला पिईल’ अशा अर्थाचें बोलला, म्हणून त्या मुलाचें नांव मांधाता पडलें, अशी महाभारतांतील कथा आहे. वर्गांत ही व्युत्पत्ति सांगितली कीं मुलें हंसत, आणि मीहि हंसें. आतां मला त्या देवाधिदेवाची अडचण अधिक समजते. रघुवंशांत बाळ रघूला बोलावयास शिकविते ती धात्रीच. सुश्रुतानें तर धात्री कशी पारखून घ्यावी आणि तिचें दूध पाण्यांत टाकून त्याची परीक्षा कशी करावी, हेंहि लिहून ठेवलें आहे. वाग्भट म्हणतो कीं स्तन्य नसेल तर शेळीचें अथवा गाईचें दूध द्यावें. येथें मात्र एक सूचना केलीच पाहिजे. एक वर्षाच्या आंतील मुलास गाईचें, म्हशीचें वा शेळीचें दूध मुख्य अन्न म्हणून देऊं नये, असें आजच्या वैद्यकाचें स्पष्ट मत आहे; त्यांत लोह फार थोडें, आणि प्रथिनें व क्षार इतके कीं तान्ह्या मूत्रपिंडांस ते जड जातात. ग्रंथकारांचा काळ निराळा होता, त्यांस दुसरा उपाय नव्हता. वाग्भटाविषयीं माझा आदर तिळमात्र कमी नाहीं. परंतु नातीवर मीं त्याचा प्रयोग होऊं दिला नसता.

असो. आमची पहिली चूक बारशाच्या दिवशींच झाली. घर पाहुण्यांनीं भरलेलें, सूनबाई तीन रात्रींची जागी. एका वडीलधाऱ्या आप्तबाईंनीं ‘तिला जरा चार तास झोपूं द्या’ म्हणून डब्यांतील पावडरीचें दूध बाटलींत करून मुलीस पाजलें. त्यांच्या मनांत मायेवांचून दुसरें कांहीं नव्हतें. मुलगी घटाघटा प्याली आणि गाढ निजली. सर्वांस हायसें वाटलें. दुसऱ्या दिवशीं तोच क्रम, तिसऱ्या दिवशींहि तोच. चौथ्या दिवशीं आईनें छातीशीं धरलें कीं मुलगी दोन-चार वेळां ओढी, मान मागें टाकी आणि किंकाळी फोडी. इकडे सूनबाईची छाती दाटून दगडासारखी झालेली, अंगांत कसर. एवढें असूनहि तिची समजूत अशी झाली कीं आपल्याला दूधच नाहीं. “आई, माझ्याच्यानें हें व्हायचें नाहीं,” असें म्हणून ती आमच्या सौभाग्यवतींच्या मांडीवर डोकें ठेवून रडूं लागली. मी दाराबाहेर उभा होतों. अशा वेळीं पुरुषानें काय करावें हें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. मीं रिक्षा बोलावली.

बालरोगतज्ज्ञ बाईंनीं मुलीचें वजन केलें. दिवसांतून किती दुपटीं ओलीं होतात, तें विचारलें. सहा किंवा अधिक होत असतील तर दूध पोटांत जात आहे, असें समजावें. मग मूल आईजवळ देऊन त्या दहा मिनिटें नुसत्या पाहत बसल्या. त्यांनीं नंतर जें सांगितलें, त्याचा सारांश मीं घरीं येतांच वहींत उतरला, तो असा.

अंगावर पितांना मुलाला आ वासून, केवळ बोंडच नव्हे तर भोंवतालचा काळसर भागहि तोंडांत घ्यावा लागतो, आणि जीभ व जबडा हालवून दूध ओढावें लागतें. आरंभीं थोडा वेळ फारसें कांहीं येतच नाहीं. मग पान्हा फुटतो, धार लागते, पुन्हां ओसरते, पुन्हां फुटते. बाटलीचें तसें नाहीं. ती उपडी केली कीं पहिल्या क्षणापासून धार, आणि ती संपेपर्यंत एकसारखी. दहा-बारा दिवसांच्या जिवाला जर कष्टाची आणि बिनकष्टाची अशा दोन वाटा दाखविल्या, तर कांहीं मुलें बिनकष्टाची वाट धरतात. सगळींच धरतात असें नाहीं. कित्येक मुलें दोन्हीं पद्धतींनीं खुशाल पितात, आणि या गोंधळाचें प्रमाण किती याबद्दल डॉक्टरांतहि एकमत नाहीं. परंतु आपलें मूल कोणत्या जातीचें, हें आधीं कळत नाहीं.

त्याहून मोठी गोष्ट दुसरी. आईचें दूध म्हणजे भरून ठेवलेली घागर नव्हे; ती विहीर आहे. उपसा चालू असला कीं झरे वाहतात, उपसा थांबला कीं बुजूं लागतात. मूल जितकें पितें तितकेंच पुढें येतें, आणि ही जुळणी पहिल्या कांहीं आठवड्यांतच बसत असते. आम्हीं तीन दिवस बाटली दिली, तितक्या वेळां विहिरीचा उपसा चुकविला. पाणी कमी नव्हतें. आम्हींच मोट थांबविली होती. म्हणून पहिले तीन-चार आठवडे, डॉक्टरांनीं कांहीं कारणानें सांगितलें नसेल तर, बाटली घरांत दिसूंच नये. आणि आईला झोप हवी असेल तर तिच्या वांटणीचें इतर काम घरच्यांनीं करावें, मुलाचें दूध नव्हे. हें शेवटचें वाक्य बाईंनीं माझ्याकडे पाहून उच्चारलें, असें मला वाटलें.

पूर्ववत् होण्यास आठ दिवस लागले. मूल दिवसरात्र आईच्या उराशीं, आई बिछान्यांत, आणि स्वयंपाकघर चिरंजीवांकडे. त्या आठवड्यांत आम्हीं खाल्लेल्या पिठल्याचें वर्णन येथें करीत नाहीं.

या काळांत आमच्या सौभाग्यवतींनीं कपाटाच्या तळांतून एक वस्तु बाहेर काढली. माझ्या आजीचें चांदीचें बोंडलें. हल्लींच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं तें पाहिलेंहि नसेल, म्हणून सांगतों : लहानशी पणती असावी आणि तिची चोंच लांब व निमुळती ओढलेली असावी, असें हें भांडें. मांडीवर मूल घ्यावयाचें, चोंच ओठांच्या कडेला टेकवावयाची आणि थेंबथेंब दूध तोंडांत सोडावयाचें. कोंकणांत हेंच काम कोठें कोठें शिंपल्यानें होई. तामिळ मुलखांत याच जातीच्या भांड्यास पालाडै म्हणतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांना आईचें काढलेलें दूध पाजण्यासाठीं आपल्याकडील कित्येक रुग्णालयांतून तें अजून वापरांत आहे. ही कल्पना केवळ आपलीच, असा अभिमान मात्र बाळगण्याचें कारण नाहीं. जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत ब्राँझयुगांतील व लोहयुगांतील मुलांच्या थडग्यांत चोंचीचीं छोटीं मातीचीं भांडीं सांपडलीं, आणि त्यांत जनावरांच्या दुधाचे अंश असल्याचें संशोधकांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलें. सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या कोण्या आजीनें तें नातवंडाच्या ओठाशीं धरलें असेल.

बोंडलें पाहून मला जें आठवलें, तें सांगितल्यावांचून हा लेख पुरा व्हावयाचा नाहीं. १९६७ सालीं मी सात वर्षांचा होतों. माझ्या पाठचा भाऊ तीन महिन्यांचा. आईला विषमज्वर झाला. त्या दिवसांत मूल तिच्यापासून दूर ठेवीत. कोणीतरी शहरांतून कांचेची बाटली आणि दूधपावडरीचा डबा आणून दिला. डबा महाग, म्हणून पुरवून वापरावयाचा. दोन मापांच्या जागीं एक माप. बाटली आडाच्या पाण्यानें विसळली जाई. रबरी बोंड एकच होतें, आणि त्याच्या आंतल्या बाजूस काय सांचलें आहे, हें पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. श्रावणाचे दिवस, माशांचा सुकाळ. मुलास जुलाब लागले आणि चौथ्या दिवशीं तें गेलें. मीठ-साखरेच्या पाण्यानें असे जीव वांचूं शकतात, हें १९७१ मध्यें बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलें. आमच्या घरापुरता त्यास चार वर्षें उशीर झाला. भावाचें नांव ठेवलेलें होतें, परंतु घरांत तें पुन्हां कोणीं उच्चारलें नाहीं. आई बरी झाल्यावर तिनें ती बाटली परसांत नेऊन फोडली, एवढें मला स्पष्ट आठवतें. पुढच्या दोन भावंडांस कांहीं वरचें द्यावयाचें झालें तर तें बोंडल्यानेंच दिलें गेलें.

म्हणून बाटलीविषयीं माझें मन स्वच्छ नव्हतें, हें मी कबूल करतों. पुढें वाचनांत आलें कीं आमच्या घरीं घडलें तें जगभर घडत होतें. सिसिली विल्यम्स या ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनीं सिंगापूर येथें १९३९ सालींच ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचें भाषण केलें होतें. गोड डबाबंद दूध तान्ह्या मुलांस योग्य म्हणून खपविणें हा खूनच होय, असा त्यांचा आरोप होता. १९८१ मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें अशा मालाच्या विक्रीविषयीं आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. आपल्या देशांत १९९२ चा कायदा आहे, तो २००३ मध्यें आणखी कडक झाला. तान्ह्यांच्या दूधपावडरीची आणि पाजण्याच्या बाटलीची जाहिरात करणें हा आपल्याकडे गुन्हा आहे. बाटली दुकानांत मिळते, परंतु तिची स्तुति छापतां येत नाहीं. इतकी सावधगिरी ज्या वस्तूविषयीं घ्यावी लागते, ती वस्तु घरांत आणावी काय?

डॉक्टरीणबाईंस मीं हेंच विचारलें. त्यांचें पहिलें उत्तर होतें : वाटी-चमचा. आपल्या देशांतील बहुतेक बालरोगतज्ज्ञ हेंच सांगतात, आणि त्याचें कारण साधें आहे. वाटी घांसतांना तिचा प्रत्येक कोपरा दिसतो. बाटलीच्या गळ्यांत आणि निपलाच्या पोटांत काय राहिलें तें दिसत नाहीं. आम्हीं चौथ्या आठवड्याच्या अखेरीस बोंडलें उकळून घेतलें आणि प्रयोग केला. परंतु सौभाग्यवतींच्या एका डोळ्यांत मोतीबिंदु आणि उजव्या हातास किंचित् कंप. सूनबाईनें अर्धा तास बसून काढलेल्या दुधापैकीं निम्में लाळेऱ्यावर सांडलें. गाईचें दूध सांडलें तर माणूस हळहळतो. हें दूध सांडतांना पाहणें फार कठीण. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशीं सौभाग्यवती आपण होऊनच म्हणाल्या, “अहो, हात माझा कांपतो, त्याला बोंडल्याचा काय उपाय? तुमच्या मनांतली ती बाटली निराळी, ही निराळी. आणा एक.”

विचारान्तीं मला त्यांचें म्हणणें पटलें. भावाच्या बाटलींत तीन वैरी होते : परकें दूध, पाण्यासारखें पातळ केलेलें मिश्रण, आणि घाण. या बाटलींत आईचेंच दूध असणार. तें पातळ होण्याचा प्रश्न नाहीं. राहिली घाण, तिच्याशीं झुंजण्यास निवृत्त मनुष्य मोकळा होता. ज्याचा हात स्थिर आहे त्यानें वाटी-चमचा वा बोंडलेंच वापरावें, असें माझें मत अजून आहे. परंतु ज्या घरीं तें साधत नाहीं, तेथें नियमानें उकळलेली बाटली ही कांहीं अधोगति नव्हे.

कांचेच्या दोन बाटल्या आणि सर्वांत मंद धारेचीं सिलिकोनचीं निपलें आलीं. निपल मंद आहे कीं नाहीं, तें पाहण्याची खूण अशी : बाटली उपडी धरली असतां थेंब पडावे, धार लागूं नये. प्रत्येक वेळीं सर्व भाग सुटे करून आधीं साबणाच्या पाण्यानें ब्रशानें घांसावयाचे, मग पाण्यांत पूर्ण बुडवून दहा मिनिटें उकळावयाचे. आधीं उकळून मग घांसण्यांत अर्थ नाहीं; दुधाचा पापुद्रा शिजून चिकटतो.

एकतिसाव्या दिवशीं पहिला पाठ. सूनबाईनें स्वतःच मांडीवर घेऊन बाटली पुढें केली. मुलगी चिडली. तिचें तरी काय चुकलें? ज्या घरीं ताजें पान आहे, त्याच घरीं कोणी शिळोप्याचें वाढावें, तसा हा प्रकार. आईच्या अंगाचा वास नाकाशीं असतां बाटली कोण घेईल? दुसऱ्या दिवशीं आजीनें घेतलें, आई शेजारच्या खोलींत, तरीहि नकार. वहींत नोंद आहे : ‘पांच मिलिलिटर, बाकीचें गालावर’. तिसऱ्या दिवशीं आम्हीं आणखी एक चूक केली. पुष्कळ भूक लागली म्हणजे निमूट घेईल, अशा कल्पनेनें मुद्दाम उशीर केला. भुकेनें पिसाळलेल्या मुलास नवी विद्या शिकवूं नये, हें मास्तराला तरी कळावयास हवें होतें. डॉक्टरीणबाईंनीं फोनवर सांगितलें कीं रडूं लागली तर तत्काळ थांबवा, आईजवळ द्या. बाटलीशीं रडण्याची गांठ पडूं देऊं नका. वेळ निवडावी ती दोन पाजण्यांच्या मधली. मूल जागें, हंसरें आणि थोडेंसेंच भुकेलें असावें.

मग सूनबाई रोज सायंकाळीं अर्धा तास घराबाहेर, देवळापर्यंत, जाऊं लागली. तिची वापरलेली ओढणी आम्हीं मुलीच्या अंगाभोंवतीं गुंडाळीत असूं. पाजण्याची रीतहि बदलली. मूल आडवें निजवून बाटली वरून उपडी धरूं नये. मांडीवर जवळजवळ बसतें धरावें, मानेस आधार द्यावा. निपल ओठास हळूच लावून थांबावें. मुलानें आपण होऊन तोंड मोठें उघडलें कीं मगच आंत द्यावें, कोंबूं नये. बाटली आडवी, निपल भरेल इतकीच कललेली. चार-सहा घोट झाले कीं बाटली खालीं करून क्षणभर विसांवा द्यावा, जसा पान्हा ओसरतो तसा. मध्यें बाजू बदलावी. सगळें मिळून दहा ते वीस मिनिटें लागावीं. पांच मिनिटांत बाटली रिकामी झाली तर तें कौतुक करण्यासारखें नाहीं. आणि मुलानें तोंड फिरविलें कीं संपलें. उरलेलें पोटांत घालण्याचा अट्टाहास हा आपल्या घरांतील जुना रोग आहे. ताटांत टाकूं नये हा नियम मोठ्यांचा, तान्ह्यांचा नव्हे.

सहाव्या दिवशीं सौभाग्यवती थकल्या, म्हणून मूल माझ्याकडे आलें. मीं बाटली घेऊन ओसरीवर फेऱ्या घालण्यास प्रारंभ केला. मला अंगाई येत नाहीं. जें येतें तें म्हणूं लागलों : रामः, रामौ, रामाः. द्वितीयेपर्यंत मुलगी टक लावून ऐकत होती. चतुर्थीच्या सुमारास तिनें तोंड उघडलें. सप्तमीस २० मिलिलिटर संपले. माझ्या हातून पुष्कळ मुलें व्याकरण शिकलीं, पण इतकें फळ लगेच हातीं आल्याचें स्मरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं ‘वन’ शब्द चालविला, तेव्हां ३० झाले. घरांतील मंडळी याचें श्रेय चालण्याच्या झोक्यास देतात. मी वाद घालीत नाहीं.

आतां दुधाचा हिशेब. अंगावर पिणारें मूल एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत दिवसाला सरासरी ७५० मिलिलिटरच्या आसपास पितें. कोणी बरेंच कमी, कोणी बरेंच जास्त. पावडरीवरील मुलाप्रमाणें हा आंकडा महिन्यागणिक चढत नाहीं. दिवसांतून आठ-दहा वेळां पिणारें मूल एका वेळीं ७५ ते १०० घेईल, असा अंदाज निघतो. चार तासांसाठीं आम्हीं ६०-६० च्या दोन वाट्या ठेवूं लागलों. लहान वांटे केले कीं टाकावें लागतें तें थोडें. कारण मुलाच्या तोंडास लागलेल्या बाटलींतील उरलेलें दूध दोन तासांच्या आंत संपलें नाहीं तर टाकूनच द्यावें लागतें.

काढलेलें दूध साधारण २५ अंश उष्णतेच्या खोलींत चार तास टिकतें, असें सांगतात. आपल्याकडील उन्हाळ्यांत त्यावर विसंबूं नये. काढल्याबरोबर झांकण लावून फ्रिजमध्यें, दाराच्या खणांत नव्हे तर मागील बाजूस, ठेवावें. तेथें चार दिवस राहतें. त्यावर मलईचा थर वर येतो, तें नासलें नव्हे. हलकेच फिरविलें कीं मिसळतें. येथें सौभाग्यवतींचा आणि माझा मतभेद झाला. न तापविलेलें दूध आमच्या स्वयंपाकघरांत आजवर कोणीं प्यालेलें नाहीं! परंतु हें दूध उकळावयाचें नसतें. त्यांतील रोगप्रतिबंधक द्रव्यें उकळल्यानें नष्ट होतात. गरम पाण्याच्या वाडग्यांत बाटली कांहीं वेळ ठेवावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावा. मायक्रोवेव्हमध्यें तर मुळींच नको. दूध एके ठिकाणीं थंड, एके ठिकाणीं चटका बसेल असें तापतें. शेवटीं मीं सौभाग्यवतींस शीव येथील दुग्धपेढीची गोष्ट सांगितली. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें १९८९ मध्यें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. अशा पेढ्यांत परक्या मातांचें दूध परक्या मुलांसाठीं घेतात, म्हणून तें साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक करतात; तेथेंहि उकळीत नाहींत. आपल्या आईचें दूध आपल्या मुलास देतांना तेवढीहि गरज नाहीं. ‘पेढीवाले उकळीत नसतील तर ठीक,’ असें म्हणून त्यांनीं पातेलें खालीं ठेवलें.

एकदां दोन दिवसांचें दूध मुलीनें थुंकून टाकलें. चाखून पाहिलें तों साबणासारखा वास. दूध बिघडलें नव्हतें. कांहीं मातांच्या दुधांतील एक पाचक द्रव्य थंडींतहि स्निग्धांश फोडीत राहतें आणि असा वास येतो. तें प्यालें तरी अपाय नाहीं, पण मुलाच्या जिभेस कोण समजावणार? तेव्हांपासून सूनबाई निघण्यापूर्वीं पहांटेचें ताजें दूध काढून ठेवूं लागली. पहांटे दूधहि भरपूर असतें.

राहिला विहिरीचा उपसा. घरीं बाटली दिली जाते त्याच सुमारास आईनें बाहेर तितकें दूध काढलें पाहिजे. नाहींतर बारशानंतरचा प्रसंग पुन्हां ठरलेला. हें बोलण्यास सोपें. न्यायालयाच्या आवारांत त्यासाठीं दार लावतां येईल अशी खोली मिळेना. तेथें बायकांसाठीं नाणीं मोजण्याइतकीहि आडोशाची जागा नसावी, याचें मला फार वाईट वाटलें. अखेर एका ज्येष्ठ वकीलबाईंनीं जवळच्या आपल्या कचेरींतील मागची खोली दुपारीं वीस मिनिटें मोकळी करून दिली. बर्फाची थैली ठेवलेल्या डब्यांतून तें दूध घरीं येई आणि दुसऱ्या फेरीस उपयोगीं पडे.

पहिला कामाचा दिवस सोमवार होता. सूनबाई निघतांना मुलीकडे न पाहतां गेली. पाहिलें असतें तर निघाली नसती. साडेअकराला मुलगी कुरकुरली, मीं सर्व विभक्ति चालविल्या, तिनें कांहीं घेतलें नाहीं. बाराला पुन्हां नकार. सौभाग्यवतींनीं बोंडलें उकळून तयार ठेवलें होतें, आणि माझ्या डोळ्यांपुढें परसांत फुटलेली ती कांच. साडेबाराला तिनें तोंड उघडलें, आणि मध्यें तीन वेळां थांबून, एकदां हंसून, बाटली जवळजवळ संपविली. नंतर झोपली. तिसऱ्या प्रहरीं फाटकाशीं स्कूटर थांबल्याचा आवाज झाला, तेव्हां तिचे डोळे उघडे होते. सूनबाईनें काळा कोट खुर्चीवर टाकला, हात धुतले आणि तिला घेऊन आंत गेली. बाहेर काय आवाज येतो म्हणून आम्ही दोघें कान देऊन बसलों होतों. कांहींच आला नाहीं. मीं वहींत त्या दिवसाच्या रकान्यांत लिहिलें : ‘साडेबारा, ५०. पावणेतीन, आई.’